टँकरचं पाणी आणि व्हीनस फ्लायट्रॅप

प्रश्न: आम्ही वाघोलीला राहतो. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र येतं. डिसेंबरमध्ये लेकीच्या वाढदिवसाला ऑनलाइन व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानांच्या सापळ्यात किडे पकडणारं झाड, मागवलं. पहिले दोन महिने झकास होतं. आता एप्रिल संपत आला, तर पानांच्या कडा तपकिरी होतायत, नवे सापळे बारीक येतात आणि मिटत नाहीत. कुंडीच्या काठावर पांढरा थर आलाय. मी नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून घालते, कधी उकळून गार करून. विकणाऱ्यानं ‘फक्त पावसाचं किंवा आरओचं पाणी’ असं लिहिलं होतं, पण सासरे म्हणतात की आरओचं पाणी मृत असतं, त्यानं झाड उपाशी मरेल. मुलुंडची मैत्रीण तिच्या घटपर्णीला (सुरईसारख्या पानांत किडे पकडते ती) सरळ नळाचं पाणी घालते आणि तिची टोपली सुरयांनी लगडली आहे. आरओवाल्यानं मोजलं तेव्हा नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ६५० आला, आरओचा ७०. झाड वाचेल का? ताकद यावी म्हणून चिकनचा तुकडा द्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

ताई, चिकन राहू द्या. आधी पाण्याचं बघू.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तो पांढरा थर. त्यावरून आणि ६५० च्या आकड्यावरून सांगते, झाडाला रोग नाही आणि उपासमारही नाही. त्याच्या मुळांशी क्षार साचलेत. विकणाऱ्यानं खरं तेच लिहिलं होतं. पण तुमच्या मैत्रिणीचंही काही चुकत नाहीये, आणि गोंधळ नेमका तिथंच होतो. आपण ‘नळाचं पाणी’ म्हणतो जणू सगळीकडे एकच पाणी येतं. मुलुंडला नळाला येतं ते भातसा, तानसा, वैतरणा या बाजूच्या तलावांचं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस, धरणात साठलेला आणि शुद्ध करून नळात सोडलेला. त्यात क्षार कमीच असतात. तुमच्याकडे येतं ते दख्खनच्या काळ्या खडकाच्या भेगांमधून मुरत, त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट उचलत खाली गेलेलं पाणी. दोन्हीकडे नळ सारखाच असला, तरी झाडाच्या दृष्टीनं ही दोन वेगळी पाणी आहेत.

शिवाय तिचं झाडही वेगळं. घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस, ही त्या मानानं सोशिक. नर्सरीत मिळतात त्या बहुतेक संकरित असतात. टांगलेल्या टोपलीत असतात, वरून पाणी घातलं की खालून निथळून जातं आणि जाताना क्षारही घेऊन जातं. तुमचं फ्लायट्रॅप बशीत उभं असणार. पाणी बशीतून वर चढतं, मातीच्या पृष्ठभागावरून आणि पानांवाटे उडून जातं, आणि क्षार मागे राहतात. कुंडीचं अक्षरशः मिठागर होतं. रोज थोडं पाणी आत, रोज ऊन, आणि खाली मीठ.

हिशोबच मांडू. टीडीएस ६५० म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ६५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. चार इंची कुंडी उन्हाळ्यात दिवसाला दीडशे मिलिलीटर पाणी सहज पिते आणि उडवते. महिन्याचे झाले साडेचार लिटर. म्हणजे महिन्याला जवळजवळ तीन ग्रॅम क्षार, आणि तीन महिन्यांत नऊ ग्रॅमच्या आसपास. चहाच्या चमच्यानं मीठ मोजलं तर दीड-दोन चमचे भरेल एवढं, तेही मूठभर पीट मॉसमध्ये, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या शेवाळाच्या भुशात. हाच हिशोब ७० च्या पाण्यानं केला तर महिन्याला ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच क्षार साचतात. पहिले दोन महिने झाड झकास का होतं, तेही यातून कळतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाणी उडतच कमी होतं. फेब्रुवारीनंतर ऊन तापलं, पाणी जास्त लागू लागलं आणि साठा झपाट्यानं चढला.

माणसाला हे पाणी बाधत नाही, म्हणून झाडालाही बाधू नये, असं वाटणं साहजिक आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस ५०० पर्यंत उत्तम मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. त्या हिशोबानं तुमच्या ६५० ला फार बोल लावता येणार नाही. पण हे मानक आपल्या पोटासाठी आहे. कीटकभक्षी झाडं पाळणारे ५० च्या आतलं पाणी निर्धास्त वापरतात, १०० पर्यंतचं जरा सांभाळून, आणि त्यापुढे अंगावर घेत नाहीत.

हे झाड एवढं नाजूक का, ते त्याच्या माहेरी गेल्याशिवाय कळायचं नाही. व्हीनस फ्लायट्रॅप जगात एकाच टापूत आपोआप उगवतं: अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर, विल्मिंग्टन शहराच्या भोवती शंभर-दीडशे किलोमीटरच्या परिसरात. तिथं पाइनची विरळ झाडी, ओलसर वाळू आणि पीटची आंबट जमीन. पाऊस भरपूर, आणि तो जमिनीतलं जे काही विरघळण्यासारखं असतं ते धुऊन नेतो. जमिनीत नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही, चुना नाही. अशा दरिद्री जमिनीत इतर झाडं जोमानं माजत नाहीत, म्हणून याला जागा आणि ऊन मिळतं. मुळं मोजकीच, काळी, आखूड. त्यांचं मुख्य काम पाणी ओढणं आणि झाडाला धरून ठेवणं. जेवणाची सोय पानांकडे. अशा मुळांभोवती क्षारांचं पाणी साचलं की त्यांना पाणीच ओढता येत नाही. बशी भरलेली असते आणि पानांच्या कडा मात्र करपतात. त्यात बायकार्बोनेटमुळे पीटचा आंबटपणा मरतो. सापळे मिटत नाहीत तेही यामुळेच. सापळा मिटणं म्हणजे पानाच्या पेशींमधल्या पाण्याच्या ताणाचा खेळ, आणि तहानलेल्या झाडाकडे तो ताण उरत नाही. (लेक दिवसातून चार वेळा बोट लावून बघत असेल तर तेवढं थांबवा. एक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो.)

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते चुकीचं म्हणू नका. मोगऱ्याला, जास्वंदीला, कढीपत्त्याला ते बऱ्यापैकी लागू पडतं. नुसत्या क्षारविरहित पाण्यावर, खत न घालता, ती झाडं महिनोन् महिने ठेवली तर खंगतील. इथं मात्र उलटं. या झाडाला लागणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस किड्यांकडून येतो. चार्ल्स डार्विननं १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. तरी किडे खाऊन झाडाचा खरंच काही फायदा होतो का, हा वाद उरलाच होता. तो पुढे १८७८ मध्ये त्याच्या मुलानं, फ्रान्सिसनं, सोडवला. त्यानं ड्रोसेराची, म्हणजे चिकट पानांनी किडे धरणाऱ्या दुसऱ्या एका वनस्पतीची, काही झाडं उपाशी ठेवली आणि काहींना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले. मांस दिलेल्या झाडांना बी कितीतरी जास्त धरलं. झाडं दोन्हीकडची जगली, हेही सासऱ्यांना सांगा. उपाशी ठेवलं तर हे झाड रोडावेल, सावकाश वाढेल, पण मरणार नाही. क्षारांनी मात्र मरेल.

फ्रान्सिस डार्विननं मांस दिलं म्हणून तुम्ही चिकन द्यायचं का? नको. त्याचे कण टाचणीच्या टोकाएवढे होते आणि झाड वेगळं होतं. फ्लायट्रॅपचा सापळा एकदा मिटला तरी आतलं भक्ष्य हलत राहून सापळ्यातल्या बारीक केसांना धक्के देत नाही तोवर पाचक रस नीट सुटत नाही. निर्जीव तुकडा तिथंच सडतो, वास मारतो आणि सापळा काळा पडून गळतो. गॅलरीत ठेवलेलं निरोगी झाड आपलं आपण एखादी माशी, मुंगी, कोळी गाठतंच. आता तर ते आजारी आहे. आजाऱ्याला कुणी मटणाचं ताट वाढतं का!

पाण्यावर तुम्ही जे उपाय केलेत ते वाया का गेले, तेही सांगते, म्हणजे पुन्हा त्यात वेळ जाणार नाही. रात्रभर उघडं ठेवल्यानं क्लोरीन उडून जातो. पण नळाच्या पाण्यात तो एका लिटरला मिलिग्रॅमच्या काही अंशांएवढाच असतो, आणि तुमचा शत्रू तो नव्हेच. क्षार उडत नाहीत. उकळल्यानं थोडा चुना भांड्याच्या तळाशी बसतो, गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच. पण क्लोराइड, सल्फेट, सोडियम जागच्या जागी राहतात आणि वाफ निघून गेल्यानं त्यांचं प्रमाण उलट वाढतं. तुरटीनं गाळ बसतो, क्षार नाही. मेणबत्तीचा फिल्टर किंवा यूव्ही मशीन जंतूंसाठी असतं. टँकरवर चालणाऱ्या बऱ्याच सोसायट्यांत हल्ली सॉफ्टनर बसवलेला असतो, आणि ‘आमचं पाणी आता मऊ आहे’ असं समिती अभिमानानं सांगते. साबणाला फेस येतो, नळावर डाग पडत नाहीत, सगळं खरं. पण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो, टीडीएस होता तिथंच राहतो. या झाडाला तो सोडियम कॅल्शियमपेक्षाही वाईट. बाटलीबंद पाण्यात चवीसाठी बहुधा क्षार घातलेले असतात, तेही बाद.

तुमच्या आरओचं ७० चं पाणी मात्र चालेल. अगदी आदर्श नाही, पण चालेल. आरओ मशीन क्षार बहुतांशी काढून टाकतं. ६५० चे ७० उरले ते थोडे गाळणीतूनच निसटलेले असतील, किंवा मशीनमधलं टीडीएस कंट्रोलर वा मिनरल काडतूस चवीसाठी थोडे क्षार परत मिसळत असेल. घरच्यांच्या पिण्याच्या पाण्यात झाडापायी फेरफार करू नका. वापरा तेच पाणी, फक्त महिन्यातून एकदा वरून भरपूर ओतून कुंडी धुवा. आणि एक जपा: आरओच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी वाया जातं ते चुकूनही इकडे नको. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशीला, संडासाला वापरा.

मे महिन्यात तुमच्याकडे एसी चालत असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफच. क्षार जवळजवळ नाहीत. रात्रभरात बादलीत दोन-चार लिटर जमतं आणि एका कुंडीला ते उरून पुरतं. एसीची सर्व्हिसिंग झाल्यावर मात्र आठवडाभर ते घेऊ नका, कॉइल धुवायचं रसायन त्यात उतरतं. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटरही चालतं. फक्त कॅनवर काय लिहिलंय ते नीट वाचा, कारण शेजारीच तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असतं. लेकीच्या हाती तो कॅन देऊ नका.

एक टीडीएस मीटर घ्या. पेनाएवढा असतो, काही शे रुपयांत येतो. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणते ते सांगत नाही, पण आपल्याला तेवढं पुरे. टँकर कुठल्या विहिरीवर भरला जातो त्याप्रमाणे आकडा आठवड्याआठवड्याला बदलतो, म्हणून आरओवाल्यानं एकदा मोजलं यावर विसंबू नका.

आता झाड. कात्रीनं पूर्ण काळी पानं बुडापासून काढा, अर्धी हिरवी राहू द्या. कुंडी बेसिनमध्ये धरा आणि आरओचं किंवा एसीचं पाणी वरून सावकाश ओता, कुंडीत मावेल त्याच्या चौपट तरी. खालून निघणारं पाणी पेल्यात धरून मीटर लावा. पहिला आकडा बघून तुम्ही दचकाल, हजाराच्या वर गेला तरी मला नवल वाटणार नाही. अर्धा तास थांबून पुन्हा ओता. आकडा दीडशेच्या खाली आला की थांबा. बशी धुऊन घ्या, त्यात बोटभरापेक्षा जास्त पाणी ठेवू नका, आणि ते आटल्यावर एखादा दिवस जाऊ देऊन मगच पुन्हा भरा.

एवढं करूनही आकडा उतरत नसेल तर पीट बदलावं लागेल. कुंडी बदलायला खरं तर जानेवारी-फेब्रुवारी बरा, पण खारट पीटमध्ये पावसाळ्यापर्यंत ताटकळत ठेवण्यापेक्षा आत्ता बदललेलं बरं. झाड उपटलं की मुळाशी पांढरा, कांद्याच्या पाकळ्यांसारखा गड्डा दिसेल. तो टणक आणि पांढरा असेल तर झाड जिवंत आहे, पान एकही उरलं नसलं तरी. मऊ, तपकिरी, लिबलिबित झाला असेल तर संपलं. नवं मिश्रण अर्धं पीट मॉस, अर्धं परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खनिज दाणे). दोन्ही विकत घेताना पाकिटावर ‘खतयुक्त’ असं काही नाही ना, ते बघा. कुंडी प्लॅस्टिकची, मातीची नको. कोकोपीट वापरू नका. नारळाची सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, आणि ते मीठ धुऊन काढण्यात तुमची सगळी आरओची टाकी जाईल. शेणखत, गांडूळखत, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा यातलं काहीही या कुंडीत पडता कामा नये. घरात कुणीतरी प्रेमानं अंड्याची टरफलं टाकतंच. ती म्हणजे निव्वळ चुना.

त्यानंतर पंधरा दिवस दुपारचं ऊन टाळा, सकाळचं चार-पाच तास मिळू द्या. जुनी पानं हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून धीर सोडू नका. मधून येणारं नवं पान बघा. महिन्या-दीड महिन्यात ते आधीच्यापेक्षा मोठं आलं तर जिंकलात.

आणि मग जून येतोच आहे. पाऊस लागला की कुंडी बिनधास्त पावसात ठेवा, बशी काढून. एवढी स्वच्छ धुणावळ आपल्या हातून होत नाही. पहिल्या दोन सरी सोडून द्या, गच्चीवरची आणि हवेतली धूळ त्यात असते. मग प्लॅस्टिकची चादर ताणून पाणी धरा. एक चौरस मीटर कापडावर १० मिलिमीटर पाऊस पडला की दहा लिटर जमतात. पुणे शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तुमच्या पूर्वेकडच्या बाजूला त्याहून कमी. तरी एका कुंडीची वर्षाची गरज पन्नासेक लिटरची, ती दोन-तीन दमदार पावसांत भागते. कॅन झाकणाचे घ्या आणि अंधारात ठेवा, नाहीतर शेवाळ धरेल आणि डेंग्यूच्या डासांना घर मिळेल. (झाड डास खाऊन टाकेल हा भ्रम नको. त्याला डास सापडतो क्वचित, आणि त्यात पोटही भरत नाही.)

जमल्यास ऑगस्टच्या अखेरीला लेकीला कासच्या पठारावर न्या. कास फुलांसाठी गाजलं, पण तिथली निम्मी गंमत पायाशी आहे. जांभ्या खडकाचा सपाट माळ, वर वीतभरही माती नाही, आणि जी आहे ती दर पावसाळ्यात धुऊन निघते. नायट्रोजनची तिथंही वानवाच. म्हणून तिथं दव पडल्यासारखे लालसर चिकट थेंब मिरवणारी ड्रोसेरा उगवते, आणि जांभळ्या-निळ्या फुलांचा गालिचा घालणारी सीतेची आसवं. ही नाजूक फुलं म्हणजे युट्रिक्युलॅरिया. तिच्या मुळांसारख्या धाग्यांवर मोहरीहून बारीक पिशव्या असतात, आणि त्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. ही सगळी मंडळी फक्त पावसाच्या पाण्यावर जगतात आणि पाणी आटलं की बी टाकून संपतात. तिथलं एखादं रोप उचलून आणावंसं वाटेल. ते आणू नका, घरी ते चार दिवसही काढणार नाही आणि तो गुन्हाही आहे.

थंडीत आणखी एका गोष्टीनं घाबराल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र १०-१२ अंशांवर येते तेव्हा फ्लायट्रॅप आखडतं. पानं जमिनीलगत, छोटी येतात, जुनी काळी पडतात. ती त्याची झोप असते, आणि कॅरोलायनात ती तीन-चार महिन्यांची असते. तेव्हा पाणी कमी करा, बाहेर थंडीतच ठेवा, उबेसाठी घरात आणू नका. मुंबईत ही थंडी मिळत नाही, म्हणून तुमच्या मैत्रिणीनं घटपर्णी निवडली हे उत्तम केलं.

गड्डा मेलेला निघाला तर लगेच दुसरं फ्लायट्रॅप मागवू नका. जुलैपर्यंत थांबा. तोवर पावसाचे दोन कॅन भरून ठेवा, मीटर घरात असू द्या, आणि मगच ऑर्डर द्या. लेकीला तोवर धीर धरवत नसेल तर एखादी संकरित घटपर्णी आणा, पण तिलाही ते ६५० चं पाणी नको. मैत्रिणीची मुलुंडमध्ये चालते ती तिथल्या पाण्यावर.